दहा ग्रॅमचा पाहुणा

डिसेंबर उजाडला की कॉलेजच्या ग्रुपवर दोन प्रकारचे फोटो पडायला लागतात. एक, हुडी घालून चहाच्या टपरीवर काढलेले. आणि दुसरे, पक्ष्यांचे. कुणी भिगवणला जाऊन फ्लेमिंगो बघून आलेलं असतं, कुणी ताडोब्याला. त्याखाली उरलेल्यांचं ठरलेलं वाक्य येतं, ‘आपल्याला कुठे जमणार! तिथे जायला पैसे लागतात आणि वर ती हातभर लांब लेन्स लागते.’

दोन्ही समज काढून टाका. थंडीतले पक्षी बघायला शहराबाहेर जावंच लागतं असं नाही आणि लेन्स ही तर फार पुढची गोष्ट आहे. उलट गंमत अशी आहे, की युरोप-रशियापासून हजारो किलोमीटर उडत आलेले पक्षी या दिवसांत तुमच्या बस स्टॉपमागच्या बागेतल्या झुडपात उतरलेले असतात. आपण कानात इअरफोन घालून त्यांच्या शेजारून जातो, एवढंच.

पण शहरी बागांमध्ये आता कॅमेरेही बरेच दिसायला लागलेत. सुट्टीच्या दिवशी सकाळी एकाच झाडाखाली दहा-बारा जण माना वर करून उभे, असं दृश्य नवीन राहिलेलं नाही. तरुण मुलं मोबाइल खाली ठेवून झाडाकडे बघतायत, याचा आनंदच आहे. मात्र त्याबरोबर एक प्रश्नही येतो. वर फांदीवर जो बसलाय, त्याचं वजन आहे जेमतेम दहा ग्रॅम. आपल्या एका फोटोची किंमत त्याला किती पडते?

कचऱ्यावर उगवलेलं जंगल

शहरातली बाग म्हणजे काय काय असू शकतं, हे बघायचं असेल तर मुंबईत सायन-वांद्रे लिंक रोडवर, धारावी डेपोसमोर उतरा. समोर महाराष्ट्र निसर्ग उद्यान. एका बाजूला देशातली सर्वांत प्रसिद्ध झोपडपट्टी, एका बाजूला मिठी नदी, पलीकडे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या काचेच्या इमारती आणि मध्ये साधारण ३७ एकरांचं हे गच्च हिरवं रान.

ते रान मुळात तिथे नव्हतंच. ही जागा म्हणजे शहराचं डम्पिंग ग्राउंड होती. १९७७ मध्ये इथे कचरा टाकणं बंद झालं, मग त्या ढिगाऱ्यावर माती पसरून झाडं लावायला सुरुवात झाली. १९८३ मध्ये पहिलं रोप लावलं ते पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अलींनी. १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी खुलं झालं. आज इथे शंभराहून अधिक जातींच्या पक्ष्यांच्या नोंदी आहेत. शहराने टाकून दिलेल्या जागेवर दहा-अकरा वर्षं चिकाटीने झाडं लावली आणि त्या झाडांचा पत्ता पक्ष्यांनी आपणहून शोधून काढला.

इथे शोभेची कारंजी आणि आखीवरेखीव हिरवळ फारशी दिसत नाही. पायवाटा, झुडपं, वेली, पडलेली पानं. पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं, ‘अरे, इथे झाडलोट कुणी करत नाही का?’ पण हाच पालापाचोळा या गोष्टीतला महत्त्वाचा भाग आहे. त्याच्याकडे नंतर येऊ.

कोण कोण येतं?

साधारण सप्टेंबरपासून पाहुणे यायला लागतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत मुक्काम असतो. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा ‘पक्षी सप्ताह’ म्हणून साजरा होतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा सालिम अलींचा. तो सप्ताह संपेपर्यंत बहुतेक मंडळी येऊन स्थिरावलेली असतात.

आपला दहा ग्रॅमचा पाहुणा म्हणजे लाल छातीचा माशीमार, इंग्रजीत रेड-ब्रेस्टेड फ्लायकॅचर. दहा रुपयांच्या नाण्याहून फार तर दोन-अडीच ग्रॅमने जड. पाठ तपकिरी, पोट मळकट पांढरं, मोठ्या नराच्या गळ्यावर नारिंगी रंग. पहिल्या एक-दोन वर्षांच्या नरांना आणि माद्यांना तो रंग नसतो, त्यामुळे पटकन नजरेत भरत नाही. ओळखायचा तो शेपटीवरून. बसल्या बसल्या हा शेपटी वर उडवतो, तेव्हा बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरा रंग चमकून जातो. आणि आवाज? जुन्या घड्याळाला किल्ली द्यावी तसा कोरडा ‘टर्रर्र’. हा पक्षी पूर्व युरोप आणि रशियातल्या जंगलांत पिल्लं वाढवतो आणि थंडी घालवायला आपल्याकडे येतो. प्रवास बराचसा रात्रीचा. अशा बऱ्याच छोट्या पक्ष्यांमध्ये पहिल्या वर्षीच्या पिल्लांना वाट दाखवायला आई-वडीलही सोबत नसतात. जन्मून चार-पाच महिने झालेलं पिल्लू एकट्याने येतं. आपल्याला पहिल्यांदा एकट्याने पुण्याला जायचं तर घरून पाच फोन येतात!

दुसरा पाहुणा दिसण्याआधी ऐकू येतो. झुडपातून कुणीतरी ‘चक्… चक्…’ करतंय, पण दिसत काही नाही, असं झालं तर तो बहुधा ब्लाइथ्स रीड वॉर्बलर. आपल्या वटवट्यांपैकी एक. मातकट रंगाचा, कुठलीही खूण नाही, फोटोग्राफर याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. त्याचा भाऊबंद म्हणजे ग्रीनिश वॉर्बलर, हिरवट वटवट्या. हा झाडाच्या शेंड्याला पानापानांत किडे शोधत फिरतो. या हिरवट वटवट्यांच्या पायांत कडी घालून अभ्यास झाले, तेव्हा लक्षात आलं की हिवाळ्यातही प्रत्येकाचा आपापला इलाखा ठरलेला असतो आणि पुढच्या वर्षी तोच पक्षी बऱ्याचदा त्याच इलाख्यात परत येतो. म्हणजे तुमच्या बागेतल्या एखाद्या झाडावर दरवर्षी ‘एक वटवट्या’ येतो असं तुम्ही म्हणता, तेव्हा तो कदाचित ‘तोच’ असतो.

मग येतात ते हिरो लोक. सोनेरी पिवळा हळद्या. पाण्याच्या कडेने शेपटी हलवत चालणारा करडा धोबी. आणि ज्याच्यासाठी सगळे कॅमेरे एकाच दिशेला वळतात तो स्वर्गीय नर्तक. नर पांढराशुभ्र, डोकं काळं आणि मागे रिबिनीसारखी लांब शेपटी. तो एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर गेला की बघणाऱ्यांच्या तोंडून आपोआप ‘आहाहा’ निघतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये सावर आणि पांगारा फुलला की भोरड्यांचे थवे येतात, त्या आल्या मध्य आशियाच्या बाजूने. आणि नदी-खाडीकाठच्या चिखलात तुतवार शेपूट खालीवर करत फिरत असतोच.

शिवाय बाराही महिने राहणारी मंडळी आहेतच. दयाळ, बुलबुल, शिंपी, शिंजीर, तांबट, खंड्या, भारद्वाज. नवख्याने सुरुवात यांच्यापासूनच करावी. घरचे लोक ओळखता आले, तरच पाहुणा कोण ते कळतं.

नावातच ओळख

पक्षी ओळखणं अवघड वाटतं, कारण आपण इंग्रजी नावांची यादी पाठ करायला जातो. त्यापेक्षा मराठी नावं ऐका. ती नावं ठेवणाऱ्यांकडे दुर्बीण नव्हती, पण नजर होती. पानं शिवून घरटं करतो तो शिंपी. तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारल्यासारखा ‘टुक्-टुक्-टुक्’ करतो तो तांबट. शेपटीचा पंखा करून गिरक्या घेतो तो नाचण. सतत शेपूट थरथरवतो तो थिरथिऱ्या. सतत बडबडतो तो वटवट्या. म्हणजे नावातच त्याची सवय सांगितलेली आहे. मारुती चितमपल्लींनी ‘पक्षिकोश’ करताना अशी कितीतरी नावं गोळा केली. ही नावं आजीला विचारा, गावाकडच्या काकांना विचारा. प्रत्येक भागात वेगळं नाव मिळेल आणि प्रत्येक नावामागे कुणीतरी तासन् तास बघत बसलेलं असेल.

आता मोबाइलवर मर्लिनसारखी ॲप्स आहेत, आवाज ऐकवला की पक्ष्याचं नाव सांगतात. जरूर वापरा, पण ॲपने नाव सांगितलं म्हणजे पक्षी दिसला असं होत नाही. ॲप चुकतंही. त्याने नाव सुचवलं की तो पक्षी स्वतः शोधा, चोच बघा, भुवई बघा, शेपटी कशी हलवतो ते बघा. मग पुढच्या वेळी ॲप उघडावं लागणार नाही.

कॅमेरा कुठला, हा दुसरा प्रश्न

पहिला प्रश्न, दुर्बीण आहे का? नवीन कॅमेऱ्याच्या मानाने साधी दुर्बीण फारच स्वस्त पडते आणि ग्रुपमध्ये दोघा-तिघांत एक असली तरी चालते. तिच्यावर ८×४२ असं काहीतरी लिहिलेलं असतं. ८ म्हणजे आठपट जवळ आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. भिंग मोठं असलं की सावलीतही नीट दिसतं. बागेत गर्द झाडीत फिरायचं असेल तर ८×४२ उत्तम. ‘वीसपट’ वगैरेच्या मागे लागू नका, हात थरथरला की त्यात काही दिसत नाही.

कॅमेरा असेल तर सोन्याहून पिवळं. महागडी सहाशेची लेन्स नको, ७०-३०० ची साधी झूमही बागेत पुरते, कारण इथले पक्षी माणसांना थोडे सरावलेले असतात. क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ती तीनशेची लेन्स साडेचारशेसारखं काम करते. मोठ्या झूमचा ब्रिज कॅमेरा कुणाच्या घरी पडून असेल तर तोही बाहेर काढा. आणि काहीच नसेल, तर दुर्बिणीच्या डोळ्याला मोबाइलचा कॅमेरा चिकटवून फोटो काढता येतो. इन्स्टावर टाकण्याइतका देखणा येणार नाही, पण पक्षी ओळखण्याइतका नक्की येतो.

थोडं तंत्र. माशीमार, वटवटे सतत हलतात, त्यांच्यासाठी शटर १/१००० च्या आसपास ठेवा. सावलीत शांत बसलेला पक्षी असेल आणि उजेड कमी असेल तर १/२५० पर्यंत खाली या. आयएसओ ऑटोवर ठेवा, फोटो थोडा दाणेदार आला तर चालेल, हललेला नको. फोकस डोळ्यावर. स्वर्गीय नर्तकासारखा पांढरा पक्षी असेल तर एक्स्पोजर थोडं कमी करा, नाहीतर पिसांचा सगळा तपशील जळून पांढरा डाग उरतो. उलट मागे आकाश असेल तर थोडं वाढवा, नाहीतर पक्षी कोळशासारखा येतो. सूर्य आपल्या पाठीशी असावा. आणि शक्य असेल तिथे पक्ष्याच्या डोळ्यांच्या उंचीवर या. जमिनीवर धोबी चालतोय, तर खाली बसा. उभ्याने काढलेला आणि बसून काढलेला फोटो शेजारी ठेवून बघा, फरक कुणाला सांगावा लागणार नाही.

पण सगळ्यात मोठं तंत्र मोफत आहे. ते म्हणजे थांबणं. पक्ष्याच्या मागे धावलात तर त्याची पाठ आणि शेपूट मिळेल. माशीमाराचं बघा, तो एका ठरावीक फांदीवर बसतो, हवेत झेप घेऊन किडा पकडतो आणि बऱ्याचदा परत त्याच फांदीवर किंवा जवळपास येतो. ती फांदी हेरा, थोडं लांब बसून राहा. दहा मिनिटांत तो तुमच्या समोर येईल, आणि आपल्या मर्जीने येईल.

सकाळचे ते दोन तास

‘आपल्या मर्जीने’ हे शब्द का महत्त्वाचे, ते समजून घ्यायला पक्ष्याच्या पोटाचा हिशेब बघू.

दहा ग्रॅमच्या शरीरात चरबी साठवून साठवून किती साठवणार? हिवाळ्याची रात्र मोठी. रात्रभर अंग गरम ठेवण्यात त्या छोट्या पक्ष्याने कालचं खाल्लेलं बरंचसं जाळलेलं असतं. उजाडल्याबरोबर त्याला खायला लागतं. सकाळचे पहिले दोन तास म्हणजे त्याची खरी कमाईची वेळ. आणि फोटोसाठी सोनेरी उजेडही नेमका त्याच दोन तासांत असतो. म्हणजे त्याची आणि आपली गाठ पडते ती तो सगळ्यात भुकेला असताना.

एका माणसाने एकदा उडवलं तर विशेष काही बिघडत नाही. पण एका सकाळी बारा जण येतात. पहिला जवळ जातो, पक्षी उडतो. दुसरा म्हणतो, मला नाही मिळाला, चल परत. प्रत्येक वेळी उडण्यात ताकद जाते आणि खाण्याची मिनिटं जातात. मार्चनंतर तर हिशेब आणखी कडक होतो, कारण परतीच्या प्रवासासाठी अंगात इंधन भरायचं असतं. काही वटवटे निघण्यापूर्वी आपल्या वजनात निम्म्याने भर घालतात. ते इंधन या बागेतल्या किड्यांमधूनच यायचं असतं.

याहून वाईट म्हणजे प्लेबॅक. मोबाइलवर त्याच पक्ष्याचा आवाज लावायचा, की तो शोधत पुढ्यात येतो. फोटो झकास मिळतो. पण तो का येतो? त्याला वाटतं, आपल्या इलाख्यात दुसरा घुसलाय. वर सांगितलं तसं हिवाळ्यातही यांचे इलाखे असतात. तो खाणं सोडून, नसलेल्या शत्रूला हुसकायला येतो. आपण फोटो काढतो, हसतो, निघून जातो. तासाभराने दुसरा ग्रुप येतो आणि तोच आवाज परत लावतो.

घरट्यांचंही तसंच. शिंजीर, तांबट, पिंगळे यांची घरटी-ढोली थंडीच्या उत्तरार्धात सुरू होतात. घरट्यासमोर उभं राहून फोटो काढणं, नीट दिसावं म्हणून पुढची पानं तोडणं, याने पक्षी घरटं सोडून जाऊ शकतो आणि उघडं पडलेलं घरटं कावळ्याला आयतंच दिसतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात जंगली पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणंही येतं. हातात बंदूक नाही, कॅमेरा आहे, एवढ्याने आपण आपोआप निर्दोष ठरत नाही.

ओळखायचं कसं, की आपण फार जवळ आलोय? पक्षी खायचं थांबवून आपल्याकडे बघतोय, अंग चोरून ताठ बसलाय, सारखा इशाऱ्याचा आवाज काढतोय, फांद्या बदलत लांब सरकतोय. यातलं एक जरी दिसलं तरी दोन पावलं मागे. तो परत खायला लागला, की समजा अंतर बरोबर आहे. आणि खरंच सांगते, खाणाऱ्या, अंग मोकळं सोडलेल्या पक्ष्याचा फोटोच जास्त सुंदर येतो.

चिठ्ठी नसलेला फोटो

सालिम अलींची गोष्ट बहुतेकांनी शाळेत वाचलेली असते. लहानपणी त्यांनी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कुठली चिमणी, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तिथे डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी पक्षी ओळखून दिलाच, शिवाय पेंढा भरून जपलेल्या पक्ष्यांचे कप्पेच्या कप्पे उघडून दाखवले. त्या मुलाचं आयुष्य तिथे वळलं.

त्या कप्प्यांतल्या प्रत्येक पक्ष्याच्या पायाला एक चिठ्ठी बांधलेली असते. कुठे मिळाला, कधी मिळाला, कुणी आणला. शंभर वर्षांनीही त्या पक्ष्याला किंमत आहे ती या चिठ्ठीमुळे. चिठ्ठी हरवली, तर उरतो तो पिसांचा एक जुना गोळा.

आता आपल्या फोनमधले फोटो आठवा. फिल्टर लावलेला, तारीख नाही, जागा नाही, खाली ‘नेचर लव्ह’. तो चिठ्ठी नसलेला पक्षी आहे. लाइक्स मिळतील, आठवड्यात विसरला जाईल. तोच फोटो ‘१४ डिसेंबर, सकाळी ८.२०, अमुक बाग, लाल छातीचा माशीमार, १’ एवढ्या नोंदीसह ठेवला, की तो पुरावा होतो.

हे करायला आता म्युझियमची गरज नाही. ई-बर्ड नावाचं मोफत ॲप आहे, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी-प्रयोगशाळेने चालवलेलं. बागेत शिरल्यावर यादी सुरू करायची, जे जे पक्षी ओळखता आले ते आकड्यांसह लिहायचे, बाहेर पडताना यादी बंद करायची. किती वेळ, किती अंतर, हे ॲप स्वतः मोजतं. कावळा, कबुतर, घार, सगळे लिहायचे. ‘ते काय लिहायचे, रोजचेच आहेत’, असं म्हणायचं नाही. चिमणीचंही सगळे असंच म्हणत होते.

अशा नोंदींचं काय होतं? २०२३ मध्ये ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल आला. भारतातल्या ९४२ जातींची स्थिती त्यात तपासली होती आणि त्यासाठी आधार होता तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांनी केलेल्या सुमारे तीन कोटी नोंदींचा. त्यातून १७८ जातींना तातडीने संरक्षणाची गरज आहे, हे पुढे आलं. नोंदी करणारे बहुतेक लोक पगारी शास्त्रज्ञ नव्हते. नोकरी करणारे, शिकवणारे, शिकणारे, तुमच्या-आमच्यासारखे होते.

आता पालापाचोळ्याकडे येऊ. शहरात बागेचं ‘सुशोभीकरण’ निघालं की पहिल्यांदा काय जातं? झुडपं जातात, कारण ती ‘अस्ताव्यस्त’ दिसतात. वाळकी पानं झाडून जाळली जातात. वाळलेली खोडं, ज्यांच्यात तांबट ढोली करतो, ती धोकादायक म्हणून तोडली जातात. त्या जागी हिरवळ, दिव्यांच्या माळा आणि पेव्हर ब्लॉक. फोटोत बाग छान दिसते. पण पाचोळ्यात किडे होते, झुडपात वटवट्याचा इलाखा होता. पुढच्या ऑक्टोबरमध्ये तो हजारो किलोमीटर उडून तिथेच येतो आणि बघतो तर जागाच नाही.

तेव्हा कुणीतरी नगरसेवकाला किंवा उद्यान विभागाला सांगायला जातं, ‘इथे पक्षी यायचे हो!’ उत्तर मिळतं, ‘कुठले? किती? कधी?’ त्या वेळी पाच हिवाळ्यांच्या तारीखवार याद्या समोर ठेवता आल्या तर बोलण्याला वजन येतं. नाहीतर ‘पूर्वी खूप पक्षी होते’ हे वाक्य आजोबांच्या आठवणींइतकंच उरतं. पक्षी बोलू शकत नाही, आपली यादी बोलते.

कॉलेजचं कॅम्पसही चालेल

मुंबईत नसाल तरी काही अडत नाही. पुण्यात वेताळ टेकडी आणि पाषाण तलाव आहे, नागपुरात अंबाझरी, कोल्हापुरात रंकाळा, छत्रपती संभाजीनगरात तर सालिम अलींच्याच नावाचं सरोवर. आणि हे काही जवळ नसेल, तर कॉलेजचं आवार आहे. मागच्या बाजूची पडीक जागा, सायकल स्टँडजवळचा उंबर, कँटीनमागचं डबकं, इथे जेवढे पक्षी मिळतात तेवढे समोरच्या कातरलेल्या हिरवळीवर मिळत नाहीत.

दर फेब्रुवारीच्या मध्याला चार दिवस ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ असतो. जगभरातले लोक आपापल्या परिसरात निदान पंधरा मिनिटं पक्षी मोजतात आणि नोंदवतात. भारत २०१३ पासून त्यात आहे. याच दिवसांत आपल्याकडे ‘कॅम्पस बर्ड काउंट’ होतो, खास शाळा-कॉलेजांच्या आवारांसाठी. फेस्टसाठी आपण महिनाभर राबतो, त्यातले चार सकाळचे तास इकडे वळवायला हरकत नाही. बायोलॉजीचाच विद्यार्थी हवा असंही काही नाही. कॉमर्सवाला आकडे नीट ठेवतो, भाषेचा विद्यार्थी मराठी नावं शोधतो, मास मीडियावाली फोटो काढते.

सगळ्यात भारी प्रोजेक्ट मात्र अगदी साधा आहे. एक जागा निवडा. आठवड्यातून एकदा, एकाच वेळी, अर्धा तास जा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पहिला माशीमार कधी दिसला, ते लिहा. वसंत लागला की दर आठवड्याला बघत राहा. एक दिवस असा येईल, की ती ‘टर्रर्र’ ऐकू येणार नाही. शेवटचा कधी दिसला होता, ती तारीख वहीत असू द्या. पदवीच्या तीन वर्षांत तीन हिवाळे होतात. तुम्ही पास होऊन जाल, वही ज्युनिअरच्या हातात द्या. पाखरू परत येईलच, त्याच्या नोंदीसाठी कुणीतरी तिथे हवं.

पहिल्यांदा जाताना

• बागेच्या वेळा आणि कॅमेऱ्याचे नियम आधी विचारून घ्या. काही ठिकाणी कॅमेऱ्यासाठी वेगळं शुल्क किंवा परवानगी लागते.

• कपडे मातकट, हिरवट रंगाचे. भडक पिवळा-लाल टी-शर्ट त्या दिवशी कपाटात राहू द्या. परफ्यूमपेक्षा पाण्याची बाटली आणि टोपी महत्त्वाची.

• चार-पाच जणांहून मोठा ग्रुप नको. फोन सायलेंट, बोलणं हळू. पक्षी दिसला तर एकदम हात वर करून दाखवू नका.

• प्लेबॅक नाही, फ्लॅश नाही, घरट्याजवळ थांबणं नाही, खायला टाकून बोलावणं नाही.

• घुबड किंवा पिंगळ्याची ढोली सापडली, तर फोटोसोबत नेमकी जागा सोशल मीडियावर टाकू नका.

• पहिली पंधरा मिनिटं कॅमेरा बॅगेतच ठेवा. नुसतं ऐका आणि बघा. कुठे हालचाल आहे ते कळलं, की मग बाहेर काढा.

• खिशात छोटी वही ठेवा. तारीख, वेळ, जागा, पक्षी, आकडा. एवढी चिठ्ठी प्रत्येक फोटोला बांधलेली असू द्या.